'विंडो'च्या शेवटी लपलेला डोळा

'विंडो'मधला 'विंड' म्हणजे वारा, हे सांगावं लागत नाही. मग उरलेला 'ओ' कुठला? तो डोळा आहे, झिजत झिजत एवढाच राहिलेला.

शब्द इंग्रजांच्या घरचा नाही. ९व्या शतकात डेन्मार्क-नॉर्वेकडचे लोक इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात येऊन वसले. त्यांच्या जुन्या नॉर्स भाषेत हा 'विंदाउगा': वाऱ्याचा डोळा. घरांना काचा नसत. भिंतीत किंवा छपरात ठेवलेल्या भोकातून उजेड आत यायचा, चुलीचा धूर बाहेर जायचा. नॉर्वेत नीनॉर्स्क (नॉर्वेजियन लिहिण्याच्या दोन प्रमाण रूपांपैकी एक) लिहिणारे आजही 'वींदाउगे' लिहितात, तिथे डोळा शाबूत आहे. इंग्रजी लेखनात शब्द १३व्या शतकापासून सापडतो. त्याआधीचा इंग्रजांचा एक शब्द होता 'एआग्थिरेल', म्हणजे डोळ्याचं भोक. तो मेला, पण त्यातलं 'थिरेल' 'नॉस्ट्रिल'मध्ये जिवंत आहे: नाकाचं भोक!

आता आपल्याकडे बघा. अमरकोशात खिडकीचे दोन शब्द शेजारी-शेजारी येतात, वातायन आणि गवाक्ष. वातायन म्हणजे वाऱ्याची वाट, गवाक्ष म्हणजे बैलाचा डोळा. 'वात' आणि 'विंड' एकाच मूळ धातूचे, आणि 'अक्षि' व 'आउगा' हेही एकाच कुळातले मानले जातात. म्हणजे नॉर्स माणसाने एका शब्दात जोडलेले वारा आणि डोळा संस्कृतात दोन शब्दांत वाटले गेलेत. मला हे फार सुंदर वाटतं.

पण म्हणून 'गवाक्षावरून विंडो आला' असं कृपा करून कुणी पुढे पाठवू नका. घटक नात्यातले आहेत, समास मात्र ज्याने-त्याने आपापला केला. भोकाला डोळा म्हणायला नातं लागतच नाही. नारळाला डोळे आहेत, मोरपिसालाही आहे. रशियनमध्ये खिडकी 'अक्नो', तीही 'ओको' म्हणजे डोळा यावरूनच.

आपला रोजचा 'खिडकी' शब्द या गोतावळ्यात नाही. तो संस्कृत 'खडक्किका'कडे जातो, म्हणजे बाजूचं दार. त्यात ना वारा ना डोळा. 'गवाक्ष' मराठीत पुस्तकी झाला असला तरी भाजे-कार्ल्याच्या लेण्यांत त्याचं काम अजून चालू आहे. चैत्यगृहाच्या, म्हणजे स्तूप असलेल्या बौद्ध प्रार्थनागृहाच्या, दर्शनी भागातल्या घोड्याच्या नालासारख्या कमानीला चैत्यगवाक्ष म्हणतात. आतल्या स्तूपापर्यंत उजेड पोचतो तो मुख्यतः तिच्यातून.