मॅक्लॉफ्लिनचा रॉनी स्कॉट्समधला लाइव्ह अल्बम कसा ऐकावा?

नाशिकचा_श्रोता:
शक्ती हा भारतीय-जाझ बँड आणि त्यातले तबलावादक झाकीरभाई भरपूर ऐकलेत. आता त्याच बँडचे गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांचा 'लाइव्ह ॲट रॉनी स्कॉट्स' (२०१७) लावला, तर पहिल्याच रचनेत दमछाक झाली. सगळे एकदम अंगावर येतात. आधी त्यांचा १९७१चा जुना बँड, महाविष्णू ऑर्केस्ट्रा, ऐकायला हवा का?

तबला_डोंबिवली:
अजिबात नको, इथूनच सुरुवात करा. मी तबला शिकवतो, त्यामुळे माझा कान आधी ड्रम्सकडे जातो. तिथे आपल्या मुंबईचे रणजित बारोट बसलेत, कथक नर्तकी सितारादेवींचे चिरंजीव. हातांनी ड्रम्स आणि तोंडाने कोन्नकोल (कर्नाटक संगीतातले तालाचे बोल), दोन्ही एकदम करणारा माणूस! शक्ती ऐकलेल्याला ही वाट परकी नाही.

'व्हायटल ट्रान्सफॉर्मेशन' लावा. नऊ मात्रांचा ठेका आहे. पहिल्या वेळी गिटार सोडूनच द्या, हाताने नऊ मोजा आणि फक्त सम, म्हणजे पहिली मात्रा, पकडा. टाळी चुकली तरी थांबू नका, पुढच्या समेवर परत या. सम हाताला लागली की गिटारची धावती तान कुठे उतरते ते आपोआप कळतं. मग एतिएन म्बाप्पे यांच्या बेसकडे वळा. हा कॅमेरूनचा वादक हातमोजे घालून वाजवतो, तरी सूर किती गोल!

आणि लंडनच्या रॉनी स्कॉट्स क्लबात वाजवताना मॅक्लॉफ्लिन ७५ वर्षांचे होते. 'माइल्स बियॉन्ड'मधल्या सोलोला ग्रॅमी मिळालं, ते वयाकडे बघून नव्हे.

सारंगी_प्रेमी:
ड्रम्सबद्दल पटलं. पण 'मीटिंग ऑफ द स्पिरिट्स' मला व्हायोलिनशिवाय अपुरी वाटते. महाविष्णूमध्ये जेरी गुडमन यांचं व्हायोलिन गिटारशी भांडायचं, ती धग इथे नाही. फ्लेमेंको गिटारवादक पाको दे लुसिया यांच्या आठवणीतली 'एल ओम्ब्रे के साबिया' मात्र मी पुन्हा पुन्हा ऐकतो.

तबला_डोंबिवली:
व्हायोलिन नाही हे खरं. पण त्यामुळे गॅरी हसबंड यांच्या कीबोर्डला ऐसपैस जागा मिळाली, असं मला वाटतं. हेच गृहस्थ मध्येच उठून दुसऱ्या ड्रम्सवर बसतात. मग बारोट यांच्याशी जी जुगलबंदी रंगते, ती जुन्या बँडमध्ये नव्हतीच.

नाशिकचा_श्रोता:
आज रात्रीच लावतो. नऊ मोजताना चार-पाच असे भाग पाडू का?

तबला_डोंबिवली:
आधी सलग नऊच मोजा, भाग नंतर पाडा. आणि गाडी चालवताना नको, एका जागी बसून ऐका.