शिरोरेषा पुसून मोडी सुटत नाही

अमळनेरकडच्या कापूस-अडतीच्या मोडी वह्या संगणकाकडून वाचून घ्यायच्या, तर एक सल्ला असा मिळतो की शिरोरेषा पुसा, अक्षरं सुटी करा, मग ओळखा. छापील देवनागरीत हे बरंचसं चालतं. मोडीत रेघ आधी ओळभर ओढलेली, अक्षरं तिला टांगलेली, शब्दांमध्ये जागा नाही. रेघ पुसली की तिला चिकटलेले फराटेही जातात.

त्यापेक्षा न्यूरल नेटवर्कला अख्खी ओळ द्या आणि सीटीसी वापरा, म्हणजे कुठलं अक्षर नेमकं कुठे आहे हे न सांगता ओळीवरून तिचा मजकूर शिकवायची पद्धत; अक्षरं कापायची गरजच उरत नाही. स्कॅन ३०० डीपीआय, राखाडी छटांत. कागद पिवळा, शाई मागून उमटलेली असेल तर काळं-पांढरं ठरवायला पानभर एकच उंबरठा लावू नका, सौव्होलासारखी जागेनुसार बदलणारी पद्धत घ्या. ओळीची उंची ६४ पिक्सेल करा, पण नेटवर्कमध्ये रुंदी फार आकसू देऊ नका: रुंदीत उरलेले स्तंभ अक्षरांपेक्षा कमी पडले तर लॉस, म्हणजे नेटवर्कची चूक मोजणारा आकडा, अनंत होतो.

सगळ्यात नाजूक जागा आकड्यांची. '४॥ मण' म्हणजे साडेचार. एक दांडी पुसट झाली की सव्वाचार! वहीच्या उभ्या आखणीतही या दांड्या मिसळतात. म्हणून अपूर्णांकाच्या दांड्यांना मजकुरात वेगळी खूण द्याच. ऱ्हस्व-दीर्घ मूळ लिहिलंय तसंच उतरवा, सुधारू नका. आणि चाचणीची पानं शिकवताना न वापरलेल्या, दुसऱ्याच हाताची हवीत.