चार सिलिंडरांचा लिफ्ट प्लॅटफॉर्म उचलताना एका बाजूला कलतो

प्रश्न
आमचा प्लॅटफॉर्म चार कोपऱ्यांतील चार हायड्रॉलिक सिलिंडरांवर उचलला जातो. बोअर (आतील व्यास) ८० मिमी, स्ट्रोक (रॉड म्हणजे दांडा सरकण्याचे अंतर) १००० मिमी; एकाच पंपाचे तेल चौघांना विभागून दिले आहे. वजन मध्यभागी असेल तर काम नीट होते, मात्र ते एका बाजूला असले की हलका कोपरा आधी वर जातो आणि गाइड अडकतात. प्रत्येक लाइनमध्ये साधे थ्रॉटल व्हॉल्व्ह (तेलाची वाट अरुंद करणारे) बसवून पाहिले, परंतु एका वजनाला जुळवलेली सेटिंग दुसऱ्या वजनाला चालत नाही. कोणता उपाय टिकाऊ ठरेल?

उत्तर १
साध्या थ्रॉटलमधून जाणारे तेल त्याच्या दोन्ही बाजूंच्या दाबातील फरकावर अवलंबून असते आणि हा फरक वजनानुसार बदलतो, म्हणून ती सेटिंग टिकणार नाही. आपल्यासाठी चार सेक्शनचा गिअर फ्लो डिव्हायडर (तेल समान वाटणारे साधन, प्रत्येक सिलिंडरला एक सेक्शन) योग्य वाटतो. त्यातील सर्व गिअर एकाच शाफ्टने बांधलेले असल्यामुळे ते एकाच वेगाने फिरतात आणि प्रत्येक सिलिंडरला जवळपास सारखेच तेल देतात. मात्र आतील गळतीमुळे थोडा फरक राहतोच : ३ टक्के धरला, तरी आपल्या स्ट्रोकवर तो ३० मिमी होतो. तो प्रत्येक फेरीत साचत जाऊ नये म्हणून प्रत्येक सेक्शनला स्वतंत्र रिलीफ व्हॉल्व्ह (ठरलेल्या दाबाला उघडून तेल सोडणारा) हवा, म्हणजे पुढे गेलेला सिलिंडर टोकाला थांबल्यावर त्याचे तेल टाकीत जाते आणि मागे राहिलेला आपला स्ट्रोक पूर्ण करतो.

या रिलीफ व्हॉल्व्हचे दुसरे काम अधिक महत्त्वाचे आहे. तीन सेक्शनवर भार नसेल, तर त्यांची सगळी शक्ती शाफ्टमार्फत चौथ्याकडे जाते आणि १०० बार दाबाच्या पंपावर तेथील दाब, तत्त्वतः, ४०० बारपर्यंत चढू शकतो. होज (लवचीक नळ्या) आणि सील एवढ्यासाठी निवडलेले नसतात.

उत्तर २
सिलिंडर एकामागोमाग जोडण्याचाही मार्ग आहे, म्हणजे पहिल्याच्या रॉडकडील तेल दुसऱ्याच्या तळाशी जाते. पण १०० मिमी बोअर आणि ५० मिमी रॉड असेल, तर पुढच्याचा बोअर ८६.६ मिमी हवा. असे माप तयार मिळणे अवघड. शिवाय सर्व भारांचे दाब पहिल्या सिलिंडरवर एकत्र येतात. चार सिलिंडरांसाठी मी हा मार्ग सुचवणार नाही.

प्रश्नकर्ता
मध्येच कुठेही थांबून काही मिलिमीटरच्या आत समतल राहणे आवश्यक असेल तर?

उत्तर ३
मग केवळ तेल वाटून भागणार नाही, प्रत्यक्ष उंची मोजावी लागेल. प्रत्येक सिलिंडरवर पोझिशन सेन्सर आणि प्रपोर्शनल व्हॉल्व्ह (विद्युत संकेतानुसार कमी-जास्त उघडणारा) बसवून पीएलसीने (यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रॅमेबल नियंत्रकाने) चौघांना एकाच ठरलेल्या उंचीकडे न्यावे आणि फरक मर्यादेबाहेर गेला की हालचाल बंद करावी. तेलही दबते, हे विसरू नये : १०० बारला साधारण ०.७ टक्के, म्हणजे १००० मिमी उंच तेलाच्या स्तंभात सुमारे ७ मिमी. त्यामुळे उंचावर उभ्या असलेल्या प्लॅटफॉर्मवरील वजन सरकले, तर व्हॉल्व्ह बंद असूनही एक कोपरा खाली बसतो. हवा अडकली असेल तर हे कितीतरी वाढते. म्हणून आधी हवा पूर्ण काढावी.

पद्धत कोणतीही असो, काउंटरबॅलन्स व्हॉल्व्ह (भार आपोआप खाली येऊ न देणारा) प्रत्येक सिलिंडरच्या पोर्टवरच थेट बसवावा. मध्ये होज ठेवला आणि तो फुटला, तर तो कोपरा रोखणारे काहीच उरत नाही.