अलाइनमेंट दोनदा करूनही गाडी डावीकडेच ओढते

फुलेवाडी_नाका
पेट्रोल हॅचबॅक, ४६,००० किमी. पुढचे दोन टायर दीड महिन्यापूर्वी नवे घातले, मागचे जुनेच आहेत. तेव्हापासून गाडी डावीकडे ओढते. गोकुळ शिरगावच्या पुढं हायवेला ७० ला स्टिअरिंग जरा सैल धरलं की चार-पाच सेकंदांत कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर. ब्रेक दाबल्यावर वेगळं काही होत नाही, ॲक्सिलरेटर सोडला तरी तसंच. स्टिअरिंग मात्र सरळ बसलंय. अलाइनमेंट (चाकांचे कोन बसवणं) दोनदा झालं. प्रिंटवरचे आकडे असे: कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा आत-बाहेर कल) डावा −०°२०′, उजवा −०°३०′. कास्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागं कल) डावा ३°१०′, उजवा ३°२०′. टोटल टो (दोन्ही चाकांची तोंडं मिळून किती आत-बाहेर वळलीत) +०°०६′. आता म्हणतायत लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) बदला. बदलू का?

पाना_१४_१५
थांब भावा, आर्मला हात लावू नको. "नवे टायर घातल्यापासून" हे तूच लिहिलंयस, मग पहिला संशय टायरवरच.

आधी हवा. सकाळी गाडी हलवायच्या आत, थंड टायरला, दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे भर. ज्या बाजूला हवा कमी, तिकडं गाडी जाते. दोन पंपांचे मीटर एकसारखे कधीच नसतात, म्हणून चारी टायर एकाच मीटरवर बघ.

मग पुढची दोन चाकं रिमसकट डावं-उजवं बदल. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर हे चालत नाही, तेव्हा पुढचं-मागचं बदलावं लागतं. मागच्या चाकाला दगड लाव, नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले कर, आवळताना समोरासमोरचे आवळ. त्याच रस्त्यावर, त्याच दिशेला, त्याच वेगात परत चालव. ओढ उजवीकडं गेली तर टायर, डावीकडंच राहिली तर गाडी. खर्च शून्य.

नवा टायरही ओढू शकतो. आतले स्टीलचे पट्टे केसभर एका बाजूला सरकून बसले असतील तर टायर सरळ लोळत नाही. टपरीवरचा कागदी कप आडवा करून ढकल, निमुळत्या बाजूला वळत जातो, तसंच. अलाइनमेंटचं मशीन उभ्या गाडीच्या चाकांचे कोन मोजतं, त्याला हे दिसणारच नाही.

अंश_मिनिट
प्रिंट दिलात ते बरं केलंत. ओढ शोधताना एकेका आकड्यापेक्षा डाव्या-उजव्यातला फरक बघायचा. कॅम्बर ज्या बाजूला जास्त पॉझिटिव्ह, तिकडे गाडी ओढते, आणि कास्टर ज्या बाजूला कमी, तिकडे. तुमच्याकडे दोन्ही खुणा डावीकडेच आहेत, पण फरक १०-१० मिनिटांचा. साधारण अर्ध्या अंशापर्यंतचा, म्हणजे ३० मिनिटांचा फरक चालतो. एवढ्याने चार सेकंदांत पट्टा गाठत नाही. टो चुकला तर सहसा स्टिअरिंग वाकडं बसतं आणि टायर करवतीसारखा झिजतो, ओढ क्वचितच लागते. बऱ्याच छोट्या गाड्यांत पुढचा टो सोडून दुसरं काही ॲडजस्ट होत नाही, तेव्हा तिसऱ्यांदा अलाइनमेंट म्हणजे पैसे पाण्यात.

लोअर आर्मचा बुश (जोडावरचं रबर) फाटला की ब्रेक दाबताना गाडी एकीकडे जाते आणि वेग घेताना दुसरीकडे. तुमचं लक्षण ते नाही. खात्रीच हवी तर गाडी रॅम्पवर घेऊन पहारीने बुश हलवून बघायला सांगा. फाटलेलं रबर डोळ्याला दिसतं.

कसबा_बावडा_ब्रेक
चाकं डावं-उजवं करूनही ओढ डावीकडेच राहिली तर डावा कॅलिपर (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग) बघा. आपल्याकडच्या पावसात चिखल कॅलिपर ज्यावर सरकतो त्या पिनच्या रबराआड जातो, पिन गंजते, पॅड मागं सरकत नाही. १० किमी शक्यतो ब्रेक न मारता चालवून थांबा आणि दोन्ही पुढच्या रिमजवळ हात न्या (डिस्कला हात लावू नका, भाजेल). एक बाजू चांगलीच गरम असेल तर चाक उचलून हाताने फिरवा.

जड असेल तर चाक अडकलेलं असतानाच ब्लीड निपल (कॅलिपरवरचा ब्रेक ऑइल सोडायचा स्क्रू) उघडा. चाक सुटलं तर प्रेशर आत कोंडलं होतं, बहुतेक होज पाइप (कॅलिपरला ब्रेक ऑइल नेणारी रबरी नळी) आतून सुजलाय. तरीही जडच राहिलं तर पिस्टन (पॅड ढकलणारा) किंवा पिन अडकलीय. पिनला सिलिकॉनचं ब्रेक ग्रीसच लावा. साधं ग्रीस लावलं की रबर फुगतं आणि दोन महिन्यांत परत तेच.

फुलेवाडी_नाका
हवा चारीला ३३ केली, चाकं डावं-उजवं केली. त्याच रस्त्यावर आता उजवीकडे जाते! पण सावकाश, १०-१२ सेकंद लागतात. रिम दोन्ही सारखेच कोमट. टायरच असेल तर तेवढ्याच जोरात उजवीकडे ओढायला पाहिजे ना?

पाना_१४_१५
नाही. पाणी जावं म्हणून रस्त्याला १०० ला २ ते २.५ उतार दिलेला असतो. साडेतीन मीटरच्या लेनमध्ये डावी कड ७ ते ९ सेंटिमीटर खाली. आधी टायर आणि उतार दोघं मिळून डावीकडं ओढत होते, आता टायर उजवीकडं आणि उतार डावीकडं. वजाबाकी होऊन उरलं तेवढंच तुला जाणवतंय. चांगली गाडीसुद्धा आपल्या रस्त्यांवर हलकी डावीकडं जातेच.

आता दोनातला कुठला ते काढ. फक्त उजवं पुढचं चाक उजव्या मागच्याशी बदल. ओढ गेली तर तोच टायर, नाही गेली तर ते परत जागेवर घालून डावीकडं तसंच कर. सापडला की खडूनं खूण कर आणि बिल घेऊन विकणाऱ्याकडं मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्टचा क्लेम लाव. कडेवरच्या कोडचे शेवटचे चार अंक, आठवडा आणि साल, फोटोत येऊ देत. क्लेम लागेपर्यंत तो मागंच राहू दे, तिथं स्टिअरिंगला त्याची ओढ फारशी कळत नाही.

अंश_मिनिट
आणि क्लेमला जाताना अलाइनमेंटचा प्रिंटही न्या. नाहीतर पहिलं वाक्य हेच ऐकाल, "अलाइनमेंट करून या."