स्मूदिंग वाढवून काय होणार नाही

गाडीच्या डेटा लॉगरवर (इंजिनचे आकडे नोंदवणारं यंत्र) आरपीएमचा, म्हणजे इंजिनच्या मिनिटाच्या फेऱ्यांचा, ग्राफ उड्या मारतोय या प्रश्नावर लॉगरमध्ये स्मूदिंग (आकड्यांची सरासरी काढून ग्राफ सपाट करणं) वाढवा असं दोघातिघांनी सांगितलंय, ते मला अजिबात पटत नाही. ग्राफ गुळगुळीत दिसतो खरा, पण गियर टाकताना आरपीएम खाडकन पडतो तोही त्यात पुसला जातो, मग लॉगर लावलाय कशाला? आधी सिग्नल कुठून घेताय ते बघा की हो. इग्निशन कॉइलच्या (स्पार्कसाठी जास्त व्होल्ट बनवते ती) निगेटिव्हवरून घेत असाल तर तिथे प्रत्येक स्पार्कला 200-400 व्होल्टचा झटका येतो आणि मागोमाग व्होल्टची थरथर, त्यात लॉगर एका स्पार्कचे दोनतीन पल्स मोजतो.

इथे सोलापुरात अक्कलकोट रोडला मित्राच्या शेडमध्ये कॉलेजच्या पोरांची सिंगल सिलेंडर गाडी आली होती, आयडलला ठीक आणि थ्रॉटल दिला की मधेच 14000, पोरं ईसीयूला (इंजिनचा कंट्रोल कॉम्प्युटर) शिव्या घालत होती. बघितलं तर सिग्नलची वायर प्लगच्या केबलला खेटून, एकाच झिपटायने बांधलेली, आणि प्लग साधा, भटके सिग्नल दाबणारा रेझिस्टर नसलेला. वायर दुसऱ्या बाजूने नेली, शील्डवाली (वरून धातूचं आवरण असलेली) घातली, शील्ड फक्त लॉगरकडच्या टोकाला अर्थ केली (दोन्हीकडे केली तर ग्राउंड लूपचा, म्हणजे शील्डमधूनच करंट फिरण्याचा, ताप), प्लग बदलला, झालं. आकडा सगळीकडे बरोब्बर दुप्पट किंवा निम्मा येत असेल तर मात्र आधी लॉगरमधलं फेरीला किती पल्स हे सेटिंग बघा, फोर स्ट्रोक सिंगलला वेस्टेड स्पार्क (एक्झॉस्टच्या वेळीही पडणारा फुकटचा स्पार्क) असेल तर फेरीला 1 पल्स, नसेल तर दोन फेऱ्यांत 1. आणि तपासायला आरपीएम विरुद्ध स्पीडचा प्लॉट काढा, प्रत्येक गियरची सरळ रेघ येते, क्लच किंवा व्हीलस्पिन नसताना रेघेबाहेर जे ठिपके उडालेत तो तुमचा नॉईज, म्हणजे खोटे सिग्नल.