८ जीबी रॅम, पण वापरण्याजोगी ५.८८, जुन्या लॅपटॉपवर ४ पैकी २.९९. नवीन स्टिक घ्यावी का?

कुळागर (फोंडा)

दोन लॅपटॉपांबद्दल सल्ला हवा आहे.

पहिला रायझन ५, ८ जीबी डीडीआर४, विंडोज ११ होम. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अबाउट उघडले की रॅम ८ जीबी, त्यातली वापरण्याजोगी ५.८८ असे दिसते. टॅली आणि ब्राउझरचे दहा-बारा टॅब एकदम उघडले की मशीन अडखळते.

दुसरा जुना, कोअर २ ड्युओ टी७२५०, इंटेल ९६५ चिपसेट, विंडोज १० प्रो ३२-बिट. रॅम ४ जीबी, वापरण्याजोगी २.९९. त्यावर युनिकोडच्या आधीच्या काळातले मराठी टंकनाचे सॉफ्टवेअर आहे, डोंगल (परवान्याची किल्ली म्हणून संगणकाला जोडायचे छोटे उपकरण) लावल्याशिवाय उघडत नाही. लग्नपत्रिका, जत्रेची पत्रके त्यावरच होतात.

दुकानात दोन्हींसाठी ८-८ जीबीच्या स्टिका घ्या म्हणाले. चवथीच्या आधी हे काम उरकायचे आहे. घेऊ का?

पर्वरी_आल्त

एवढ्यात पैसे देऊ नका. रायझनवर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा आणि खालच्या चार गोष्टी इथे लिहा: स्पीड, स्लॉट्स यूज्ड, फॉर्म फॅक्टर, हार्डवेअर रिझर्व्ह्ड. फॉर्म फॅक्टरपुढे ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर रॅम बोर्डावर झाळलेली आहे, ती बदलता येत नाही. ‘एसओडीआयएमएम’ असेल तर स्टिक निघते.

कुळागर

स्पीड ३२००, स्लॉट २ पैकी १, एसओडीआयएमएम, हार्डवेअर रिझर्व्ह्ड २.१ जीबी.

मांडवीकाठ

कुळागरबाब, तुमचे दोन्ही आकडे कमी दिसतात, पण कारणे अगदी वेगळी आहेत. म्हणून दोन्हींना एकच औषध लागू पडणार नाही.

आधी जुना. ३२-बिट विंडोजला ४,२९,४९,६७,२९६ पत्ते मिळतात, एका पत्त्यावर एक बाइट, म्हणजे बरोबर ४ जीबी. पण हे पत्ते एकट्या रॅमचे नसतात. ग्राफिक्स, वायफाय कार्ड, बायोसची (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमची) चिप, सगळ्यांना त्याच ४ जीबीच्या आत, वरच्या टोकाला जागा द्यावी लागते. ते पत्ते त्यांच्याकडे गेले की त्यामागची रॅम बसवलेली असूनही हाकेच्या बाहेर राहते. म्हणून ३२-बिटवर ४ जीबी बसवली की वापरात साधारण २.९ ते ३.५ येते. तुमचे २.९९ त्यातच बसते, काही बिघडलेले नाही. या विंडोजवर रॅम कितीही वाढवा, हा आकडा हलणार नाही.

शिवाय ९६५ चिपसेटला डीडीआर२ लागते आणि डीडीआर२ची लॅपटॉप-स्टिक ४ जीबीपर्यंतच येते. दुकानातली ८ जीबीची स्टिक डीडीआर३ किंवा डीडीआर४ असणार. तिची खाच वेगळ्या जागी असते, पिनाही निराळ्या: डीडीआर२ला २००, डीडीआर३ला २०४, डीडीआर४ला २६०. ती स्लॉटमध्ये बसणारच नाही. जोर लावला तर स्लॉट तुटेल.

टी७२५० हा प्रोसेसर ६४-बिट आहे. ९६५ चिपसेटलाही अडलेली रॅम ४ जीबीच्या वरच्या पत्त्यांवर सरकवता येते, बायोसने साथ दिली तर. म्हणजे ६४-बिट विंडोज टाकले तर ४ पैकी बहुतेक रॅम हाती येईल. (त्याआधीच्या ९४५ चिपसेटला हे जमत नाही. तिथे ६४-बिट टाकूनही सव्वातीनच्या आसपासच अडकते. जुना लॅपटॉप विकत घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.) पण ३२ वरून ६४ वर अपग्रेड होत नाही, डिस्क पुसून नव्यानेच टाकावे लागते. आणि तुमच्या बाबतीत मी ते करू नका असेच सांगेन, कारण तो डोंगल. ६४-बिट विंडोजला ६४-बिटचा आणि डिजिटल सही असलेला ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्रॅम) लागतो. ३२-बिटचा ड्रायव्हर तिथे चालत नाही, जुने १६-बिट प्रोग्रॅम तर उघडतच नाहीत. एक जीबीसाठी पत्रिकांचे सगळे काम बंद पडेल.

त्या मशीनला खरी गरज एसएसडीची, म्हणजे चिपांच्या वेगवान डिस्कची आहे. २.५ इंची साटा, २४० जीबी पुरे. जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत, म्हणजे क्लोन, करून घ्या. विंडोज पुन्हा टाकायला लागत नाही, डोंगलची मांडणीही शाबूत राहते. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, तेव्हा ते मशीन इंटरनेटपासून तोडून ठेवा आणि पीडीएफ पेनड्राइव्हने हलवा.

आता रायझन. इथे पत्त्यांचा प्रश्नच नाही. विंडोज ११ फक्त ६४-बिट असते आणि होम आवृत्तीसुद्धा १२८ जीबीपर्यंत रॅम वापरते. (विंडोज ७ होम बेसिक ८ वर थांबायचे, होम प्रीमियम १६ वर. ती अडचण आता उरलेली नाही.) तुमचे २.१ जीबी गेले आहेत ते प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सला. बायोसने त्याच्यासाठी २ जीबी आधीच बाजूला काढली, ती विंडोजच्या हाती येतच नाही.

बायोसमध्ये ‘यूएमए फ्रेम बफर साइझ’ शोधा. बहुधा ॲडव्हान्स्ड किंवा कॉन्फिगरेशनखाली असते. ते ५१२ एमबी करा, सेव्ह करून बाहेर पडा. ग्राफिक्सला जास्त लागली तर चालू असताना विंडोज रॅमच्या निम्म्यापर्यंत वाटून देते, त्यामुळे टॅली, ब्राउझर, व्हिडिओ यांना फरक जाणवत नाही. काही गेम मात्र राखीव मेमरी बघून सुरू व्हायला नकार देतात.

त्याआधी एक काम चुकवू नका. डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवण्याची सोय) चालू असेल तर बायोस बदलल्यावर विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आधी कागदावर उतरवा, मगच बायोस उघडा.

खाजन

३२-बिटवर पीएई (जास्त पत्ते देणारी प्रोसेसरची सोय) चालू केले की ४ जीबीच्या पुढे जाता येते असे वाचले होते. खरे का?

मांडवीकाठ

लिनक्सवर खरे. पीएईमुळे ३६-बिट पत्ते मिळतात, म्हणजे ६४ जीबीपर्यंत. घरगुती विंडोजवर पीएई असूनही एक्सपी सर्व्हिस पॅक २ पासून मायक्रोसॉफ्टने ४ जीबीवर कुंपण घातले, कारण बरेच ड्रायव्हर त्यावरचे पत्ते दिले की कोलमडत. ते कुंपण तोडणारे पॅच फिरतात, पण ते विंडोजच्या गाभ्यातली फाइल बदलतात. कामाच्या मशीनवर नको.

काणकोणकर

एक फरक सगळ्यांनीच बघावा. ‘वापरण्याजोगी’ आकडा कमी असेल तर वर सांगितलेली कारणे. पण ‘बसवलेली’ हाच आकडा निम्मा झाला, ८ होती ती ४ दिसू लागली, तर एक स्टिक वाचलीच जात नाही. आपल्याकडे पावसाळ्यात, त्यातून कोलवा-कळंगुटसारख्या दर्याकाठी, हे बरेच होते. दमट खारी हवा पिनांवर थर धरते.

लॅपटॉप पूर्ण बंद करा, स्लीप नव्हे. चार्जर काढा, तळाचे झाकण उघडून बॅटरीचा कनेक्टर सोडवा, पॉवरचे बटण १५ सेकंद दाबून धरा. दोन्ही बाजूंच्या क्लिपा बाहेर ढकलल्या की स्टिक तिरकी वर येते. सोनेरी पट्टी मऊ खोडरबराने हलकेच पुसा, परत तिरकीच सारा आणि क्लिपा कट्ट वाजेपर्यंत खाली दाबा.

पर्वरी_आल्त

काणकोणकरबाब, बाकी सगळे पटले, खोडरबर नको. सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो, घासून जातो, आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडला की दुखणे वाढते. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारे फडके पुरे. पाच-दहा मिनिटे वाळू द्या. घामट बोटे पिनांना लावू नका, स्टिक कडेने धरा.

आणखी एक. एमएसकॉन्फिगमध्ये बूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये ‘मॅक्सिमम मेमरी’ची चौकट असते. ‘वेग वाढवायला’ ती टिक करा असे व्हिडिओत सांगतात. तिथे चुकीचा आकडा बसला तर विंडोज तेवढीच रॅम घेते. टिक असेल तर काढून रीस्टार्ट करा.

कुळागर

की उतरवून ठेवली, बायोसमध्ये ५१२ केले. आता ७.३८ दिसते. जुन्याला एसएसडीच टाकतो. रायझनच्या रिकाम्या स्लॉटसाठी ८ घेऊ की १६?

मांडवीकाठ

८ घ्या. डीडीआर४ ३२००, १.२ व्होल्ट, लॅपटॉपची. सारख्या क्षमतेच्या दोन स्टिका असल्या की दोन्ही मार्गांनी एकदम वाचन होते, आणि प्रोसेसरमधले ग्राफिक्स याच रॅमवर जगते, त्यामुळे त्याला सर्वांत जास्त फायदा. ८ आणि १६ एकत्र चालतात, पण वरच्या ८ जीबीला तो दुहेरी मार्ग मिळत नाही. टॅली आणि ब्राउझरला एकूण १६ भरपूर झाली. २६६६ची स्टिक स्वस्त मिळाली तरी नको, दोन्ही स्टिका मग २६६६वरच चालतील.

बसवल्यावर पहिल्यांदा मिनिटभर पडदा काळा राहू शकतो, बोर्ड नवीन रॅम पारखत असतो. घाबरून बटण दाबू नका. मग विंडोज मेमरी डायग्नोस्टिक एकदा पूर्ण चालवा. दुकानात स्टिक परत घेण्याची मुदत विचारून ठेवा आणि ही तपासणी त्या मुदतीच्या आतच करा.