आफ्रिकेतील हिवताप निर्मूलन : राष्ट्रप्रमुखांच्या जाहीरनाम्यांचा प्रत्यक्ष उपयोग किती?

चौकस

आफ्रिकेतील सार्वजनिक आरोग्यावर एक दीर्घ लेख लिहिण्याच्या निमित्ताने सध्या माझे वाचन चालू आहे आणि एका मुद्द्यावर माझे मत काही केल्या पक्के होत नाही. २५ एप्रिल २००० रोजी नायजेरियातील अबुजा येथे हिवतापग्रस्त अशा ४४ आफ्रिकी देशांचे राष्ट्रप्रमुख आणि प्रतिनिधी जमले आणि २०१० पर्यंत हिवतापाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा जाहीरनामा त्यांनी मंजूर केला. पुढच्याच वर्षी त्याच शहरात, राष्ट्रीय अंदाजपत्रकाचा किमान १५ टक्के वाटा आरोग्यावर खर्च करण्याचे वचन दिले गेले. २००९ मध्ये टांझानियाचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जकाया किक्वेते यांच्या पुढाकाराने राष्ट्रप्रमुखांची हिवतापविरोधी आघाडी, म्हणजे ‘अल्मा’, स्थापन झाली. २०१८ मध्ये आफ्रिकी संघाने मॉरिटानियातील नुआकशोत येथे ‘शून्य मलेरिया, सुरुवात माझ्यापासून’ ही सेनेगलमध्ये जन्मलेली मोहीम साऱ्या खंडासाठी स्वीकारली, आणि मार्च २०२४ मध्ये सर्वाधिक प्रादुर्भावाच्या ११ देशांच्या आरोग्यमंत्र्यांनी कॅमेरूनमधील याउंडे येथे आणखी एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या.

एवढे सगळे होऊनही, जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ या एका वर्षात जगभरात २६ कोटी ३० लाख लोकांना हिवताप झाला आणि ५ लाख ९७ हजार लोक दगावले. त्यांतले ९५ टक्के मृत्यू आफ्रिका विभागातले असून तेथे मरणाऱ्या दर चौघांपैकी तीन जण पाच वर्षांखालील बालके आहेत. म्हणून जाणकारांना विचारावेसे वाटते की, मच्छरदाण्या, औषधे आणि फवारणी ही कामे शेवटी आरोग्य खाते आणि गावपातळीवरचे कर्मचारीच करणार असतील, तर राष्ट्राध्यक्षांनी परिषदा भरवल्याने नेमके काय साधते? आरोग्यमंत्र्याच्या हाती नसलेली आणि केवळ सर्वोच्च पातळीवरूनच होऊ शकणारी अशी काही कामे खरोखर आहेत का?

आकडेमोड

प्रश्न रास्त आहे, पण मांडणीत एक दुरुस्ती सुचवतो. मृत्यूंचा एकूण आकडा २००० सालाशी ताडून पाहिला की फारसे काही झाले नाही असे वाटते, कारण या काळात आफ्रिकेची लोकसंख्या प्रचंड वाढली. लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिल्यास तेथील हिवतापाचा मृत्युदर निम्म्याहून अधिक घटला आहे. ही घट मुख्यतः २०१५ पर्यंतची आहे. त्यानंतर आलेख जवळजवळ आडवा झाला, हेही सांगितले पाहिजे. २००० ते २०१५ या काळात टळलेल्या रुग्णसंख्येपैकी सुमारे ६८ टक्के श्रेय कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्यांना जाते, असे संशोधकांनी काढलेले अनुमान आहे.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळतो. आरोग्यमंत्र्याच्या हाती नसलेल्या तीन गोष्टी मला दिसतात : तिजोरी, जकात आणि सरहद्द. यांपैकी जकातीचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. अबुजाच्या जाहीरनाम्यात मच्छरदाण्या, त्यांचे कापड, कीटकनाशके आणि औषधे यांवरचे कर रद्द करण्याचे स्पष्ट आवाहन होते, कारण कित्येक देश मच्छरदाणीवर साध्या कापडासारखाच आयातकर आकारत होते. तो कर अर्थखात्याच्या उत्पन्नाचा भाग. आरोग्यमंत्र्याने कितीही पत्रे लिहिली तरी अर्थखाते ती दप्तरी दाखल करून मोकळे होते. राष्ट्राध्यक्षाने चारचौघांत शब्द दिलेला असेल, तर निदान त्या शब्दाचा दाखला देता येतो.

‘अल्मा’चे खरे काम मला तिच्या परिषदांपेक्षा तिच्या गुणपत्रिकेत दिसते. २०११ पासून दर तिमाहीला प्रत्येक सदस्य देशाची ही पत्रिका तयार होते. तीत निधीची तरतूद, मच्छरदाण्यांचा आणि औषधांचा साठा, कीटकनाशकांना डासांनी केलेला प्रतिकार, गावपातळीवर उपचार करण्याचे धोरण अशा बाबींचे रकाने असतात आणि प्रत्येक रकाना हिरवा, पिवळा किंवा लाल असतो. पुढच्या वाटपासाठी मच्छरदाण्यांचा पैसा कमी पडणार असेल तर तो रकाना लाल होतो आणि शेजारच्या देशाचा हिरवा रकाना त्याच तक्त्यात दिसत असतो. नोकरशाहीत मुरलेल्या कोणालाही विचारा. शंभर पानी अहवालाने जे होत नाही ते वरिष्ठांच्या टेबलावरच्या एका लाल चौकोनाने होते. ही पत्रिका जाहीरपणे पाहता येते, आणि माझ्या मते तिचे अर्धे बळ तेवढ्या एका गोष्टीत आहे.

१५ टक्क्यांच्या वचनाबद्दल मात्र बचाव करण्यासारखे काही नाही. कोणत्याही एका वर्षी ते पाळणारे देश हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघतात.

दारेसलामवासी

नोकरीनिमित्त बरीच वर्षे टांझानियात राहत असल्यामुळे तेथल्यापुरते सांगतो. आकडेमोड यांनी जकातीचा मुद्दा मांडला आहे, त्याला येथील पार्श्वभूमी जोडतो. या देशाने मच्छरदाण्यांवरचे कर तुलनेने लवकर काढले. अरुशा येथील ए टू झेड या कापड गिरणीत २००३ पासून जपानी तंत्रज्ञानाच्या टिकाऊ कीटकनाशक मच्छरदाण्या तयार होऊ लागल्या, आणि २००४ पासून गर्भवती स्त्रियांना दवाखान्यात नावनोंदणीच्या वेळी सवलतीचे कुपन मिळू लागले, जे जवळच्या दुकानात देऊन थोड्या पैशांत मच्छरदाणी घेता येत असे. पुढे सरसकट मोफत वाटप झाले आणि त्यानंतर शाळांमार्फत वाटप सुरू झाले. ठरावीक इयत्तांतल्या मुलांना शाळेत मच्छरदाणी मिळते आणि ते मूल ती घडी काखोटीला मारून घरी नेते. मोठ्या मोहिमेचा खर्च आणि गोंधळ टाळून घराघरांत दरवर्षी थोड्या नव्या मच्छरदाण्या पोहोचवण्याची ही युक्ती मला फार शहाणपणाची वाटते, कारण मच्छरदाणी दोन-तीन वर्षांत फाटतेच. फाटकी जाळी मग परसात कोंबडीच्या पिलांवर किंवा भाजीच्या वाफ्यावर दिसते. परदेशी पाहुणे तिचे छायाचित्र काढून ‘गैरवापर’ म्हणून छापतात, पण त्याच घरात नवी जाळी पलंगावर टांगलेली असते, हे पाहायला ते आत जात नाहीत.

सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांच्या रक्ततपासणीत हिवतापाचे जंतू आढळण्याचे प्रमाण येथे २००८ च्या सुमारास १८ टक्के होते, ते २०१७ मध्ये ७ टक्क्यांच्या आसपास आले. किक्वेते यांच्या भाषणांमुळे ते घटले असे मी म्हणणार नाही. पण त्यांच्या कारकिर्दीत ‘मलेरिया हाइकुबालिकी’, म्हणजे ‘मलेरिया खपवून घेतला जाणार नाही’, ही घोषणा गायकांपासून धर्मगुरूंपर्यंत सर्वांच्या तोंडी होती. ताप आला की तो हिवतापच, आणि तो पावसाबरोबर येणारच, अशी जी समजूत येथे पिढ्यान्‌पिढ्या होती, तिला त्या काळात पहिल्यांदा धक्का बसला.

फवारणीवाला (निवृत्त)

मी महाराष्ट्रात हिवताप विभागात नोकरी केली. फवारणी झालेल्या घराच्या भिंतीवर तारखेचा ठसा मारणे आणि तापाच्या रुग्णांचे रक्तनमुने काचपट्टीवर घेणे, यांत आमची हयात गेली. त्यामुळे परिषदांविषयी मला फारसे प्रेम नाही. तरीही चौकस यांच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे, आणि त्याचा पुरावा आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला सापडतो.

दक्षिण आफ्रिकेने १९९६ मध्ये घरांतील फवारणीसाठी डीडीटी बंद करून सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशक वापरायला सुरुवात केली. कागदावर निर्णय आधुनिक होता. पण डीडीटीमुळे त्या देशातून अनेक वर्षे नाहीसा झालेला ॲनोफिलीस फ्युनेस्टस हा डास मोझांबिकच्या बाजूने परत आला आणि क्वाझुलू-नाताल प्रांतात थेट फवारलेल्या घरांच्या आत जिवंत सापडू लागला, कारण नव्या औषधाला तो दाद देत नव्हता. २००० मध्ये देशातील रुग्णसंख्या ६४ हजारांवर गेली. त्याच वर्षी डीडीटी परत आणावे लागले आणि पाठोपाठ आर्टेमिसिनिनवर आधारित संयुक्त औषधही उपचारात आले.

परंतु सरहद्दीपलीकडे मोझांबिकमध्ये फवारणीच होत नसेल, तर अलीकडे कितीही फवारले तरी डास आणि आजारी मजूर दोन्ही येतच राहणार. या दुखण्यावर १९९९ मध्ये उपाय निघाला. दक्षिण आफ्रिका, मोझांबिक आणि तेव्हाचे स्वाझीलँड यांच्या राष्ट्रप्रमुखांनी लुबोंबो टेकड्यांच्या पट्ट्यात पर्यटन व उद्योग वाढवण्याचा संयुक्त प्रकल्प हाती घेतला आणि त्याच्या पोटात हिवतापविषयक करार केला. मोझांबिकच्या मापुतो प्रांतात आधी कोणते कीटकनाशक चालते याची तपासणी झाली, पायरेथ्रॉइड चालत नाही असे दिसल्यावर तेथे कार्बामेट गटातील औषध निवडले गेले आणि पट्ट्यापट्ट्याने फवारणी पुढे सरकत गेली. काही वर्षांतच क्वाझुलू-नाताल आणि स्वाझीलँडमधील रुग्ण ९० टक्क्यांहून अधिक घटले. दुसऱ्या देशाच्या भूमीवरील फवारणीला आधार द्यायचा, हा निर्णय कोणत्याही जिल्हा हिवताप अधिकाऱ्याच्या किंवा आरोग्यमंत्र्याच्या आवाक्यातला नव्हता. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, राष्ट्रप्रमुखांना त्यात रस होता तो पर्यटक आणि गुंतवणूकदार यांच्यामुळे. हेतू कोणताही असो, फवारणीचे पंप सुरू झाले.

हा प्रकल्प २०११ मध्ये गुंडाळला गेला आणि मापुतो प्रांतात हिवताप पुन्हा वाढू लागला. आपल्याकडे वेगळे काय झाले होते? भारतात १९५८ मध्ये निर्मूलनाचा कार्यक्रम सुरू झाला, १९६५ पर्यंत रुग्ण जेमतेम एक लाखावर आले आणि १९७६ मध्ये तेच ६४ लाखांवर गेले. रुग्ण कमी झाले की सर्वांत आधी पैसा कमी होतो, हा अनुभव आमच्या पिढीने घेतला आहे.

शंकेखोर

वरील तिन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, परंतु सर्वांनी पैशाच्या उगमाला बगल दिली आहे. या लढ्याचा बहुतांश खर्च आफ्रिकेबाहेरून येतो. एड्स, क्षय आणि हिवताप यांविरुद्ध २००२ मध्ये स्थापन झालेला आंतरराष्ट्रीय निधी, म्हणजे ग्लोबल फंड, आणि अमेरिकेचा २००५ मधला राष्ट्राध्यक्षीय हिवताप उपक्रम हे त्याचे दोन मोठे आधार आहेत. २०२३ मध्ये जगभरात हिवतापासाठी सुमारे ४ अब्ज डॉलर उपलब्ध झाले, आणि गरज होती ८.३ अब्ज डॉलरची. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली, तेव्हा अनेक देशांत मच्छरदाण्यांच्या आणि तपासणी संचांच्या पुरवठ्यावर महिन्याभरातच परिणाम झाला. पंचवीस वर्षे शपथा घेतलेल्या नेतृत्वाची ही स्थिती असेल, तर ते नेतृत्व आपल्याच तिजोरीपेक्षा परक्या दारात अधिक वजन खर्च करत होते, असाच निष्कर्ष निघतो.

टांझानियातील झांझिबार बेटांचे उदाहरण तर बोधप्रद आहे. तेथे १९६० च्या दशकात डीडीटीने हिवताप जवळजवळ नामशेष केला होता, कार्यक्रम थांबला आणि काही वर्षांत रोग पूर्ववत झाला. एकविसाव्या शतकात पुन्हा त्याचे लोकांमधील प्रमाण एक टक्क्याखाली आणले गेले, आणि २०२३ च्या अखेरीस पुन्हा उद्रेक झाला. जी राजकीय इच्छाशक्ती मदतीच्या हप्त्यावर चालते, तिला मी इच्छाशक्ती म्हणणार नाही.

आकडेमोड

शंकेखोर यांचा मुद्दा मान्य आहे, फक्त त्याला दोन अपवाद जोडतो. अमेरिकी मदत थांबल्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये नायजेरियाच्या संसदेने आरोग्याच्या अंदाजपत्रकात २० कोटी डॉलरची वाढ मंजूर केली. जगातील हिवतापाच्या मृत्यूंपैकी जवळपास ३१ टक्के ज्या एका देशात होतात, त्याच्या गरजेपुढे ही रक्कम अपुरी आहे आणि ती केवळ हिवतापासाठीही नाही. पण ती स्वतःच्या तिजोरीतली आहे. दुसरा अपवाद केप व्हर्दे आणि इजिप्त यांचा. या दोन्ही देशांना २०२४ मध्ये हिवतापमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. एक बेटांचा आणि दुसरा वाळवंटाचा देश असल्यामुळे त्यांची गणिते नायजेरियाला किंवा काँगोला लागू पडत नाहीत, हे खरे. तरीही शेवटचे मोजके रुग्ण उरलेले असताना पैसा चालू ठेवणे हेच सर्वांत अवघड काम असते आणि ते त्यांनी पार पाडले.

चौकस

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक उपप्रश्न विचारतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणारी आर-२१ ही लस जुलै २०२४ पासून कोत द’इव्हॉर येथे नियमित लसीकरणात आली, आणि त्याआधी जानेवारी २०२४ मध्ये कॅमेरूनने आरटीएस-एस ही पहिली लस सुरू केली होती. लस हाती आल्यावर राष्ट्रप्रमुखांची गरज कमी होईल का?

फवारणीवाला (निवृत्त)

कमी होईल असे मला वाटत नाही, कारण या लसींचे चार डोस लागतात, चौथा डोस मूल चालू-फिरू लागल्यावर येतो, आणि लसीनंतरही मच्छरदाणी सुटत नाही. पण मला काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे. आपल्या शहरांत हिवताप पसरवणारा ॲनोफिलीस स्टेफेन्सी हा डास २०१२ मध्ये जिबूतीत सापडला, तेथून इथिओपिया, सुदान, केनिया, नायजेरिया आणि घानापर्यंत त्याची नोंद झाली, आणि २०२२ मध्ये इथिओपियातील डिरे दावा शहरात झालेल्या उद्रेकाशी त्याचा संबंध जोडला गेला. आफ्रिकेचे मूळचे हिवतापवाहक डास प्रामुख्याने खेड्यापाड्यांतले आहेत; हा मात्र गच्चीवरच्या टाकीत, पिंपात आणि बांधकामाच्या हौदात वाढतो, दिवस मावळताच चावू लागतो, आणि अनेक कीटकनाशकांना दाद देत नाही.

त्याच्याशी कसे लढायचे हे मुंबई महापालिकेच्या कीटकनाशक विभागाला माहीत आहे : टाकीला घट्ट बसणारे झाकण, पाहणीसाठी कायमची शिडी, आणि ऐकले नाही तर सोसायटीला नोटीस. हे काम राष्ट्राध्यक्षाचे नाही, ते नगरपालिकेचे, पाणीपुरवठा खात्याचे आणि बांधकाम परवाना देणाऱ्या कारकुनाचे आहे. गुणपत्रिकेत देशाऐवजी शहरांचे रकाने कधी येतात, याकडे माझे लक्ष आहे. आपल्या लेखात या डासाला एक परिच्छेद अवश्य द्यावा.